बाही

अशोक चौकाच्या मागं, गिरणीच्या कट्ट्यावर
बोर्ड होता आमचा. विटांच्या दोन चळती,
वर पत्र्याची टोपी घातलेला दोनशेचा बल्ब.
तो डोक्याला लागू नये म्हणून दस्तगीर
कायम वाकून खेळायचा, सलाम केल्यासारखा.

बोर्डाला एका कोपऱ्यात फुगवटा.
उजव्या पॉकेटकडं निघालेली सोंगटी
तिथं येऊन लाजायची आणि डावीकडं वळायची.
इरय्याला तो फुगवटा तोंडपाठ.
आम्ही त्याला इरय्याचा स्टॉप म्हणायचो,
सिटी बस थांबते तिथं, असं.

मल्लेशम लबाड.
राणी घेतली की शर्टाची बाही ओढून घ्यायचा,
आणि बाहीबरोबर एखादी सोंगटी अर्धं बोट सरकायची.
सगळ्यांना दिसायचं.
"मल्ल्या, बाही." एवढंच म्हणायचं.
तो हसत सोंगटी परत ठेवायचा,
होती त्याच्या जरा पुढंच.

आता तो भिवंडीत.
रात्री अकराला टॉवेलची पाळी सुटते,
मोबाईल वाजतो: मल्लेशमनं खेळायला बोलावलंय.
इथला बोर्ड सपाट. पावडर लागत नाही.
बायको विचारत नाही, पँट कशानं पांढरी झाली.
सोंगटी कुठं जाणार ते एक रेघ आधीच दाखवते.
जिंकलं की नाणी पडतात. माझ्याकडं चौदा हजार आहेत,
त्यात एक कटिंग येत नाही.

पण माग विकले, ते त्यानं मला इथंच सांगितलं.
माझी पाळी होती, घड्याळाची कड लाल होत आलेली.
"किलोवर गेले बे. चारी. बापानं घेतलेला पण.
मार की, वेळ चाललाय."
मी मारलं. राणी गेली,
कव्हर राहिलं.

कट्ट्यावर हे तो बोलला नसता.
कट्ट्यावर वीस वर्षांत आम्ही काय बोललो?
सरक. ड्यू ठेव.
पावडर कमी टाक, बाळाला न्हाऊ घालतोयस का.
दस्तगीरची बहीण गेली त्या आठवड्यात
तो रोज आला, रोज जिंकला,
आम्ही रोज जिंकू दिलं.
त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

गड्ड्याच्या जत्रेला मल्लेशम आला.
बोर्ड काढला. दोन विटा कमी भरल्या,
एका बाजूला जुनं पंचांग घातलं.
विचारायचं बरंच होतं मला.
मुलगी सासरी गेली का परत. नव्या कारखान्यात
त्याला नावानं हाक मारतात का.
रात्रीचं सगळं माझ्या जिभेवर,
समोर तो, मध्ये तीन फूट प्लायवूड.
त्याच्या तोंडाकडं बघितलं,
आणि दोघांचेही हात पावडरच्या डब्याकडं गेले.

साडेनऊला त्यानं राणी घेतली.
आम्ही तिघं थांबलो.
बाही तशीच. सोंगट्या जिथल्या तिथं.
"काय बे, सवय गेली?" दस्तगीरनं विचारलं.
"तिकडं करता येत नाही ना."
कुणी हसलं नाही. मग इरय्या हसला,
त्याला ऐकू कमी येतं आता.

दुसऱ्या रात्री, अकरा वाजून सात.
"बस टेंभुर्णीला थांबलीय. लाव एक डाव."
मागं हॉर्न, उसाच्या रसवाल्याची घंटी.
मी स्ट्रायकर ओढला.
"साखर दोनशे ऐंशी आलीय," तो म्हणाला.
"काल सांगणार होतो."

माझ्या नखांत कालची पावडर होती अजून.
काचेवर तिचा ठसा उमटला,
बरोबर उजव्या पॉकेटापाशी.
पुसायला गेलो,
आणि स्ट्रायकर सुटला, भलतीकडंच.

"बाही लागली रे," मी म्हणालो.

"दिसलं," तो म्हणाला.